शिंगाडे, मँगनीज आणि माझी एक चुकलेली कविता

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या याच अंकात माझी एक कविता आली होती. 'काळी बोटं' असं तिचं नाव. खैरलांजीच्या आठवडी बाजारात शिंगाडे विकणारी एक बाई, तिची काळी पडलेली बोटं, पाठीमागे मँगनीजची खाण आणि शेवटी फळांतून मुलांच्या रक्तात उतरणारं विष, अशी ती होती. अभिवाचनाच्या दिवशी टाळ्या पडल्या. दोघा-तिघांनी येऊन 'अंगावर काटा आला' असंही सांगितलं. मलाही तेव्हा बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

ती कविता मी मागे घेते आहे. भाषेसाठी नाही, भाषा ठीकच होती. तिच्यात जे 'आहे' म्हणून लिहिलंय, ते आहे की नाही हे तपासायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं. म्हणून हा लेख.

आधी खैरलांजीबद्दल. हे नाव ऐकल्यावर आपल्याला जे आठवतं, 2006 च्या सप्टेंबरमधलं ते हत्याकांड, ते खैरलांजी भंडारा जिल्ह्यातलं, मोहाडी तालुक्यातलं. मी म्हणते ते त्याच्या उत्तरेला, राज्याची हद्द ओलांडून, मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात आहे. माझी हॉस्टेलमधली रूममेट तिकडची. नवीन कोणाला गाव सांगताना दर वेळी तिला हा खुलासा करावा लागतो, आणि दर वेळी समोरच्याचा चेहरा आधी बदलतो. ब्रिटिशांच्या मध्य प्रांतात बालाघाट नागपूर विभागात होता. 1956 ला राज्यं नव्याने मांडली तेव्हा नागपूर इकडे आलं आणि बालाघाट तिकडे राहिला. त्यामुळे तिच्या घरात मराठी, शाळेत हिंदी आणि बाजारात मराठी, हिंदी, पोवारी असं सगळंच. 'आम्ही नकाशात हिंदी आहोत,' असं ती म्हणते.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्यासोबत गेले. रात्रभर गाडीत बसून तिरोड्याला उतरलो. वाटेत तिथल्या 3300 मेगावॅटच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या. मग वैनगंगा ओलांडून पलीकडे. (तिरोडा गोंदिया जिल्ह्यात, आणि तिरोडी बालाघाट जिल्ह्यात, जिथे मँगनीजची खाण आहे. एका काना-वेलांटीने राज्य बदलतं. माझ्या कवितेत तर मी दोन्ही गावं एकाच पानावर गुंडाळली होती.)

मी वसईची. आमच्याकडे केळीची बाग होती, आता अर्धी उरली आहे. तेव्हा फळ म्हटलं की मला झाड, घड, फार तर पानवेलीचा मळा दिसतो. पाण्यात पिकणारं फळ मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. तळ्यावर हिरव्या पानांच्या चकत्या तरंगत असतात, देठ खाली चिखलापर्यंत गेलेला असतो आणि पानांच्या खाली, पाण्यात, शिंगाडे लटकलेले असतात. काढणारा माणूस डोंग्यात नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून एकेक चकती उलटी करतो आणि हात घालून खुडतो. उपासाच्या पिठाच्या पाकिटावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

रूममेटची मावशी हे शिंगाडे उकडून बाजारात विकते. लोखंडी कढईत उकडलेला शिंगाडा काळाकुट्ट होतो. सोलून सोलून तिची बोटंही तशीच झालेली. मी ती बोटं पाहिली, येताना गाडीत कुणीतरी मँगनीजच्या खाणींबद्दल बोलत होतं ते आठवलं आणि परतीच्या प्रवासात कविता तयार झाली. रेषा सरळ होती: खाण, पाणी, फळ, बोटं, विष.

अंक निघाल्यावर रूममेटने कविता वाचली. तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, ''मावशीला वाचून दाखवली. ती काय म्हणाली सांगू? 'कोनं मोजून पायलं?' ''

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना, म्हणून मी फिजिक्सच्या सरांकडे गेले. आपल्या मंडळातली मुलं फिजिक्सच्या मजल्यावर सहसा फिरकत नाहीत, तेव्हा सरांनी आधी विचारलं, ''लिफ्ट बंद आहे का?''

पहिला धडा दहा मिनिटांत झाला. शिंगाड्याच्या सालीत टॅनिन असतं. टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी युरोपात याच रसायनातून शाई करत, चर्चच्या जुन्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या त्याच शाईने लिहिलेल्या असायच्या. म्हणजे मावशीच्या बोटांवर मला जे विष दिसलं ती जवळजवळ शाई होती. साहित्याच्या विद्यार्थिनीला शाई ओळखता येऊ नये!

पण सर तिथे थांबले नाहीत, आणि मीही. बोटं काळी पडण्याचं कारण टॅनिन आहे, म्हणून शिंगाडा स्वच्छ ठरत नाही. ही दुसरी घाई झाली असती. प्रश्न तसाच होता: त्या फळात शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, जास्तीचं मँगनीज आहे का, आणि आहे तर किती?

प्रश्न रास्त आहे. बालाघाट, भंडारा आणि नागपूर मिळून देशातला मँगनीजचा एक मोठा पट्टा आहे. भरवेली, उकवा, तिरोडी इकडे, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग भंडाऱ्यात, मनसर, कांद्री, गुमगाव नागपुरात. शंभरहून जास्त वर्षं तिथे खोदकाम चालू आहे. 'मॉयल'चं मुख्यालय नागपूरला आहे ते यामुळेच. तिरोडीत 1938 साली एक नवं खनिज नोंदवलं गेलं, त्याला गावावरून 'तिरोडाइट' नाव मिळालं. (पुढे शास्त्रज्ञांनी नावांची फेरमांडणी केली आणि हे नाव मागे पडलं. गावाला त्याचं सोयरसुतक होतं असं दिसत नाही.) शिवाय जिल्हा भाताचा. फॉस्फेट खतांसोबत शेतात थोडं थोडं कॅडमियम जातं, हे जगभर माहीत आहे. दगडी कोळशाच्या राखेत आर्सेनिक आणि शिशाचे अंश असतात. आणि मुळात जिथला खडकच मँगनीजचा, तिथल्या मातीत ते खाण नसती तरी असणारच. चिखलात, जिथे हवा पोचत नाही, तिथे मँगनीज पाण्यात सहज विरघळतं आणि मुळांना आयतं मिळतं. शिंगाड्याचं मूळ कुठे असतं ते वर सांगितलंच आहे.

म्हणजे संशयित पाच-सहा आहेत आणि मी कवितेत एकालाच फाशी दिली होती. तीही ज्याच्यापासून ते तळं बरंच लांब आहे त्याला.

आता मोजायचं कसं? प्रस्थापित पद्धत अशी: फळ सुकवायचं, नायट्रिक आम्लात पूर्ण विरघळवायचं आणि ते पाणी अणुशोषण यंत्रात किंवा त्याहून महागड्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये घालायचं. आकडा नेमका येतो. पण त्यासाठी प्रयोगशाळा लागते, आम्ल, धुराडं, वेळ आणि प्रत्येक नमुन्यामागे पैसे लागतात. आठवडी बाजाराला हे परवडत नाही.

दुसरी पद्धत लेझरची. लेझर-इंड्यूस्ड ब्रेकडाउन स्पेक्ट्रोस्कोपी, थोडक्यात 'लिब्स'. सरांच्या ओळखीने शहरातल्या एका प्रयोगशाळेत आम्ही दोघी ती पाहायला गेलो. मी काहीतरी तलवारीसारखा लाल किरण असेल अशा कल्पनेत होते. प्रत्यक्षात तो किरण इन्फ्रारेड असल्यामुळे दिसतच नाही. नुसता 'टक्' असा आवाज होतो, बोट मोडल्यासारखा, आणि नमुन्यावर टाचणीच्या टोकाएवढी पांढरी-निळी ठिणगी उमटते. तो झोत काही नॅनोसेकंदच टिकतो, म्हणजे सेकंदाचे अब्जावे भाग. पण तेवढ्यात तिथला कणभर पदार्थ वाफ होऊन दहा हजार अंशांच्या वर तापतो. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा आहे. एवढ्या उष्णतेत रेणू टिकत नाहीत. साल, गर, साखर, चव, सगळं मोडून नुसते अणू आणि आयन उरतात. आणि ते निवताना प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या रंगाचा प्रकाश सोडतं. स्पेक्ट्रोमीटर तो प्रकाश उलगडतो आणि पडद्यावर रेषा दिसतात. दिवाळीत रंगीत काडी पेटवली की तांब्याच्या क्षारांनी हिरवा आणि स्ट्राँशियमने लाल उजेड पडतो, तीच गोष्ट, फक्त फार नेमकेपणाने.

यात एक गंमत मला फार आवडली. ठिणगी पडल्या पडल्या यंत्र काही पाहत नाही. सुरुवातीचा उजेड इतका प्रखर आणि सरमिसळ असतो की त्यात कोणाचीच रेषा वेगळी ओळखता येत नाही. म्हणून साधारण एखादा मायक्रोसेकंद थांबायचं, झगझगाट ओसरू द्यायचा, आणि मग डोळा उघडायचा. कविता लिहिताना मी एवढंही थांबले नव्हते.

तिथल्या संशोधक ताईंनी आधी तांब्याची तार दाखवली, मग सुकवून, दळून, गोळी केलेली केळीची साल. सालीवर पोटॅशियमच्या दोन रेषा उभ्या राहिल्या, 766 आणि 770 नॅनोमीटरच्या आसपास, आणि कॅल्शियमच्या दोन, 393 आणि 397 ला. वसईच्या मुलीला केळीने ओळख दाखवली म्हणायची. मी पिशवीतून खैरलांजीचे पाच शिंगाडे काढले. रूममेटने नुकतेच आणलेले.

ताईंनी ते हातातसुद्धा घेतले नाहीत.

''पाच शिंगाड्यांना नमुना म्हणत नाहीत,'' त्या म्हणाल्या. ''कुठल्या तळ्यातले? तळ्याच्या कुठल्या कडेचे? कोणत्या दिवशी काढले? कशात ठेवले? पिशवी कसली? मी यावर लेझर मारला आणि एखादी रेषा दिसली, तर तुम्ही उद्या जाऊन पुन्हा कविता लिहाल.'' कवितेबद्दल सरांनी त्यांना आधीच सांगितलेलं होतं!

मग त्यांनी लिब्सच्या मर्यादा सांगितल्या आणि हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे नवं यंत्र आलं की त्याच्या आरत्या आधी सुरू होतात. फळांमधल्या शिशासाठी आंतरराष्ट्रीय कोडेक्सची मर्यादा बहुतेक फळांना किलोमागे 0.1 मिलिग्रॅम आहे. म्हणजे दहा टनांचा एक अख्खा ट्रक भरून फळं घेतली तर त्यात एक ग्रॅम शिसं. लिब्सने ओल्या फळावर सरळ नेम धरला तर ते साधारण किलोमागे काही मिलिग्रॅमच्या खाली नीट पाहू शकत नाही. फळातलं पाणी ठिणगीची उष्णता खाऊन टाकतं. सुकवून गोळी केली की धातू दाट होतात आणि रेषा सुधारते, तरी काठावरचा आकडा त्याच्या हाताबाहेरच राहतो. शिवाय तेवढंच शिसं पेरूत आणि आंब्यात वेगवेगळं उजळतं, म्हणून प्रत्येक फळाची मोजपट्टी वेगळी तयार करावी लागते. थोडक्यात, लिब्सला 'रेषा नाही' म्हणजे 'धातू नाही' असं म्हणता येत नाही.

आणि आमच्या प्रश्नातली खास अडचण. शिसं शोधताना नेहमी 405.8 नॅनोमीटरची रेषा पाहतात. मँगनीजची एक रेषा आहे 405.6 च्या जवळ, दुसरी 405.9 च्या जवळ. दोन्हींच्या मधे शिसं अंग चोरून बसलेलं. यंत्र जरा स्वस्तातलं असेल, त्याची नजर जाडी असेल, तर मँगनीजने भरलेल्या मातीतलं निर्दोष फळही शिसं असल्यासारखं दिसू शकतं. बालाघाटसारख्या जिल्ह्यात तर ही चूक व्हायचीच भीती. मँगनीज आपल्या शरीराला थोडं लागतंच, अननसात, तांदळात, चहात ते असतं. फार जास्त आणि फार काळ, विशेषतः श्वासातून, गेलं तर मेंदूवर परिणाम होतो. शिशाचं तसं नाही. शिसं शरीराला कणभरही लागत नाही आणि लहान मुलांना तर सर्वांत वाईट. दोघांना एकमेकांच्या जागी धरून चालत नाही.

मग लिब्सचा उपयोग काय? चाळणीसाठी. शंभर नमुन्यांतले कुठले दहा आम्लात विरघळवण्याच्या लायकीचे आहेत ते ते काही मिनिटांत सांगू शकतं, रसायनांशिवाय. एकाच जागी पुन्हा पुन्हा ठिणगी मारली की ते सालीतून आत आत खणत जातं. त्यामुळे धातू वरच्या धुळीत आहे की गरात, हे वेगळं करता येतं. धूळ असेल तर धुऊन खा. गरात असेल तर धुऊन काही उपयोग नाही. गृहिणीला याहून कामाचं उत्तर दुसरं कोणतं देणार? चीनमध्ये जिआंगशी प्रांतातल्या गानझोउ भागात, जिथे खाणीही आहेत आणि नेव्हल संत्रीही, तिथल्या संत्र्यांवर त्या प्रांतातल्या कृषी विद्यापीठातल्या लोकांनी शिसं, तांबं, क्रोमियम लिब्सने मोजायचे प्रयोग केले आहेत. त्यातल्या बऱ्याच प्रयोगांत फळं आधी मुद्दाम धातूच्या द्रावणात बुडवलेली होती, हेही ताईंनी सांगितलं. म्हणजे पद्धत सिद्ध करायला ठीक, बाजाराबद्दल त्यावरून बोलता येत नाही. तरी खाणी आणि संत्री शेजारी आहेत म्हटल्यावर तिथे कोणालातरी हा प्रश्न पडला. आपल्याकडे नागपूरची संत्री आणि मनसर-कांद्रीच्या खाणी एकाच जिल्ह्यात आहेत.

आता माझ्या रागाकडे येते. 23 ऑगस्ट 2023 ला चंद्रयान-3 उतरलं, तेव्हा आपण सगळे कॉलेजच्या हॉलमध्ये पडद्यासमोर होतो. प्रज्ञान रोव्हरवर जी दोन उपकरणं होती, त्यातलं एक हेच होतं, लिब्स. बेंगळुरूला इस्रोच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं. काही दिवसांत इस्रोने आलेख जाहीर केला: दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक सापडलं. त्याच यादीत ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह, क्रोमियम, टायटॅनियम होतं. आणि मँगनीज. त्या वेळी मी ते नाव वाचून पुढे गेले होते. आता सलतं. चंद्राच्या मातीतलं मँगनीज आपण साडेतीन लाखांहून जास्त किलोमीटरवर जाऊन मोजलं आणि वैनगंगेकाठच्या तळ्यातलं मोजायला पाच शिंगाडे पिशवीत घालून मला मुंबईला यावं लागलं.

चंद्रावर जाऊ नये असं मी म्हणत नाही. 'चंद्रावर गेलात पण आधी भाकरी द्या' हा वाद मला कंटाळवाणा वाटतो. माझं म्हणणं वेगळं आहे. यंत्र आपल्याकडे आहे, ते वापरणारी माणसं आहेत, भंगारवाल्यांच्या गोदामात धातू वेगळे करायला हातात धरायची लिब्स यंत्रं जगभर वापरली जातात. तरी फळ तपासलं जातं ते विकत घेणारा ताकदवान असेल तेव्हाच. नाशिकच्या द्राक्षांचं पाहा. 2010 साली एका वाढ-नियंत्रकाच्या अंशावरून युरोपात आपल्या द्राक्षांची अडवणूक झाली. तो प्रश्न धातूंचा नव्हता, रसायनाच्या अंशाचा होता, पण मुद्दा तोच. आज निर्यातीच्या द्राक्षाची बाग नोंदवलेली असते, नमुना प्रयोगशाळेत जातो, पुण्याजवळ मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्रात राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. ॲमस्टरडॅमच्या गिऱ्हाईकाने 'कोणी मोजलं?' विचारलं की यंत्रणा उभी राहते. मावशीने तेच विचारलं की आपण तिला अडाणी समजतो. मी तरी समजले होते.

पैशाचा प्रश्न येईलच, म्हणून सांगते. 2015 साली खाणकायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून खाण असलेल्या जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान असतं. खाणमालकाने रॉयल्टीच्या प्रमाणात त्यात रक्कम भरायची आणि ती खाणबाधित भागासाठी वापरायची. तेव्हाच्या नियमांप्रमाणे किमान 60 टक्के पिण्याचं पाणी, आरोग्य, पर्यावरण, शिक्षण अशा गोष्टींवर. मला वाटतं, माती, पाणी आणि फळांची नियमित तपासणी यात चपखल बसते. अन्नसुरक्षेच्या फिरत्या गाड्या आजही असतात, त्या दूध-तेल-मसाल्यांतली ढोबळ भेसळ पाहतात. बालाघाट, भंडारा, नागपूर या तीन जिल्ह्यांनी मिळून एका गाडीत एक लिब्स ठेवायला काय हरकत आहे? संशयित नमुने नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवता येतील. मध्ये राज्याची हद्द आहे हे मला माहीत आहे. खडकाला ते माहीत नाही.

इथवर मी सरांना हे सगळं उत्साहाने सांगत होते. रूममेट ऐकत होती. मग ती म्हणाली, ''मोजलं, आणि निघालं, तर?''

मी म्हटलं, तर लोकांना कळेल.

''लोकांना म्हणजे गिऱ्हाईकाला. मावशीचं काय?''

त्या रात्री तिने मावशीला फोन लावून स्पीकरवर ठेवला. मावशीने लेझर, चंद्र, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ''अन् खराब निंगालं तर मंग आमी काय इकाव, बाई?''

इथे माझा लेख अडला आणि आठवडाभर अडूनच राहिला. कारण मला वाटत होतं की मोजणं हीच करुणा आहे. पण तिच्या बाजूने पाहिलं तर मोजणं ही छाप्यासारखी गोष्ट आहे. आकडा वर्तमानपत्रात येईल, बाजारात शिंगाड्याकडे कुणी फिरकणार नाही, तळं ठेक्याने घेतलेलं आहे त्याचे पैसे भरावेच लागतील, आणि ज्यांच्यामुळे धातू आला ते, खाण असो, खत असो, राख असो की नुसता खडक, त्यांचं काही बिघडणार नाही. आणि नुसत्या संशयानेही तेच होतं, आकडा नसतानाही. माझ्या कवितेने तेच केलं असतं, ती बाजारात पोचली असती तर. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात खोट्या साक्षीची आज्ञा पाठ केली, तेव्हा मला कोर्ट डोळ्यांसमोर यायचं. यमकाने दिलेली साक्षही त्यात धरायची असते, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

उलट बाजूही आहेच. जपानमध्ये तोयामा भागात जिंझू नदीकाठच्या बायकांची हाडं दुखू लागली, मोडू लागली. खोकला आला तरी हाड मोडायचं म्हणतात. त्या विव्हळत, 'इताई, इताई', म्हणजे दुखतंय, दुखतंय. आजाराचं नाव तेच पडलं. वरच्या बाजूला खाण होती, तिचं कॅडमियम नदीतून भातात आलेलं. हे अधिकृतपणे मान्य व्हायला 1968 साल उजाडलं, आणि बाधितांनी कोर्टात खटले जिंकले ते त्यानंतर, 1971 आणि 1972 मध्ये. तिथे शब्द आधी आला, आकडा फार उशिरा. नुसत्या 'दुखतंय'ने काही हललं नाही आणि 'दुखतंय' कोणी म्हटलं नसतं तर मोजायलाही कुणी गेलं नसतं. तेव्हा कवींनी गप्प बसावं असं मी म्हणत नाही. पण त्या बायका स्वतःचं दुखणं बोलत होत्या. मी मावशीचं बोलत होते, तिला न विचारता, आणि ते तिला होतं की नाही हेही न पाहता.

म्हणून माझं मत आता असं आहे, सरांना ते अर्धंच पटलं आहे. अशी तपासणी सुरू करायची तर आकडा आधी पिकवणाऱ्याच्या हातात पडला पाहिजे, त्याच्या भाषेत, छापून येण्याआधी. आणि पीक थांबवायला सांगणार असाल तर त्या हंगामाची भरपाई आणि तळ्याच्या ठेक्याची माफी त्याच कागदावर लिहिलेली हवी, त्याच खनिज निधीतून. सर म्हणतात, विज्ञानाने आकडा दडवून ठेवायचा नसतो. मी म्हणते, दडवायचा नाही, फक्त कोणाला आधी सांगायचं ते ठरवायचं. डॉक्टर रिपोर्ट आधी पेशंटला सांगतो की नोटीसबोर्डावर लावतो? यावर सर म्हणाले, पण खाणारेही पेशंटच आहेत की. आणि शिंगाड्याचं पीठ मुंबईत माझ्याच शेजारच्या काकू उपासाला खातात, तेव्हा मला पुढे बोलता आलं नाही. आमचा वाद चालू आहे. कुणाला भाग घ्यायचा असेल तर गुरुवारी चार वाजता फिजिक्सच्या मजल्यावर या. लिफ्ट बहुतेक बंदच असते.

येत्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघी पुन्हा जाणार आहोत, या वेळी यादी घेऊन. तीन तळी, प्रत्येक तळ्याच्या चारही कडा आणि मध्य. फळ, चिखल आणि पाणी तिन्ही. स्वच्छ प्लास्टिकच्या पिशव्या, प्रत्येकीवर तारीख आणि जागा, पेन्सिलीने. घरच्या केळीचे नमुनेही मी वसईहून नेणार आहे, तुलनेसाठी. ताईंनी पहिली चाळणी लिब्सवर करून द्यायचं कबूल केलंय, संशयित नमुने पुढे आम्लाच्या पद्धतीने तपासले जातील. तळ्यांची नावं आम्ही कुठेही छापणार नाही, हे मावशीला सांगितलंय. ती तळ्यावर सोबत यायला तयार आहे, तिच्याशिवाय डोंगा मिळणारही नाही.

यादीत एक सूचना ठळक अक्षरांत आहे: सोलताना स्टीलची सुरी वापरायची नाही, तिच्यातलं क्रोमियम आणि निकेल नमुन्याला लागतं. प्लास्टिकची वापरायची. हे फोनवर सांगितलं तेव्हा मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. शिंगाड्याचे काटे आणि ती साल तिला माहीत आहे, आम्हाला नाही. ''घेऊन या तुमची पिलॅस्टिकची सुरी,'' ती म्हणाली, ''पाहू किती सोलता ते.''